सव्हानाची पेपर मिल: कशी आली, कशी चालली, का थांबली

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरात मुलाकडे तुम्ही चार महिने राहून आलात. काही सकाळी घरात उकडलेल्या कोबीसारखा वास भरायचा आणि शेजारी म्हणायचे, हा मिलचा वास. तुम्ही परत आलात आणि ती मिल सप्टेंबर २०२५ अखेर कायमची बंद झाल्याचं मुलाने कळवलं. ऑनलाइन खरेदीमुळे दारोदार खोकी येत असताना खोक्यांचा कागद करणारी मिल बंद का व्हावी? आणि एवढ्या जुन्या, देखण्या शहराच्या उशाशी ती मुळात आली कशी?

मी चौतीस वर्षं कागदात काढली. पहिली बारा विदर्भात, बांबू शिजवणाऱ्या एका मिलच्या रिकव्हरी विभागात, म्हणजे वापरलेली रसायनं परत मिळवणाऱ्या विभागात. उरलेली वापीकडे, रद्दी पुठ्ठ्यापासून क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, करणाऱ्या मिलमध्ये. सव्हानाला मी गेलेलो नाही. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाइनचा धागा माझ्या हातून टनावारी गेला आहे, म्हणून या मिलची बातमी वाचली तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. सविस्तर लिहितो.

आधी 'का आली' ते. सव्हाना हे कापसाचं आणि राळेचं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राळ आणि टर्पेंटाइनच्या व्यापारात जगात या बंदराचा हात धरणारं कुणी नव्हतं. आसपासच्या पाइनच्या जंगलात झाडाच्या बुंध्याला खोल खाच पाडून राळ गोळा करायची, झाड दोन-चार वर्षांत खंगलं की पुढच्या झाडाकडे जायचं, अशी पद्धत होती. चार्ल्स हर्टी नावाच्या जॉर्जियाच्याच रसायनशास्त्रज्ञाने १९०० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ही पद्धत बदलली. खोल खाचेऐवजी सालीवर उथळ ओरखडे आणि खाली मातीचं एक छोटं भांडं. आपल्याकडे रबराच्या झाडाला वाटी बांधलेली तुम्ही कोकणात किंवा केरळात पाहिली असेल, तसंच काहीसं. झाडं वाचली, राळही चांगली मिळू लागली.

पुढे कापसाला बोंडातल्या किडीने ग्रासलं, जमिनी कसहीन झाल्या, आणि १९३० च्या मंदीत दक्षिणेतला शेतकरी पार खचला. पडीक जमिनीवर एक गोष्ट मात्र आपोआप उगवत होती, ती म्हणजे पाइन. तिथली हवा उष्ण, पाऊस भरपूर. उत्तरेत कॅनडाच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाला जेवढा घेर यायला साठ-सत्तर वर्षं लागतात, तेवढा इथे वीस-पंचवीस वर्षांत येतो. हर्टींना यातच जॉर्जियाची सुटका दिसत होती. १९३२ मध्ये, वयाच्या पासष्टीला पोचलेले असताना, त्यांनी सव्हानात पल्प, म्हणजे लाकडाचा लगदा, आणि कागद यांची प्रयोगशाळा थाटली. राज्य सरकार, शहर आणि 'केमिकल फाउंडेशन' यांनी पैसे घातले. पाइनमध्ये फार राळ असते, त्याचा पांढरा कागद होणार नाही, असं तेव्हा सगळे म्हणत. हर्टींनी दाखवून दिलं की राळ साठते ती झाडाच्या जुन्या गाभ्यात. कोवळ्या पाइनला तो गाभा अजून धरलेलाच नसतो, आणि त्याच्या लाकडात स्प्रूसपेक्षा फार राळ नसते. २० नोव्हेंबर १९३३ रोजी जॉर्जियातली नऊ दैनिकं याच पाइनपासून बनवलेल्या वृत्तपत्री कागदावर छापली गेली.

आता इथे एक दुरुस्ती, कारण हे बऱ्याच ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. हर्टींच्या शोधामुळे सव्हानाची मिल आली, हे वाक्य अर्धंच खरं आहे. हर्टींचा सगळा जीव वृत्तपत्राच्या कागदात होता. दक्षिणी पाइनपासून तो कागद करणारी पहिली मिल उभी राहिली टेक्सासमधल्या लफकिन गावी, १९४० मध्ये. हर्टी १९३८ मध्येच गेले होते. सव्हानाला आलेली मिल तपकिरी क्राफ्ट कागदाची, पिशव्यांच्या कागदाची होती. त्यासाठीची प्रक्रिया दक्षिणेत नवी नव्हती. नॉर्थ कॅरोलिनामधल्या रोअनोक रॅपिड्स इथे १९०९ पासून पाइनचा क्राफ्ट पल्प निघत होता. हर्टींचं श्रेय वेगळं आहे आणि माझ्या मते तेही मोठं आहे: दक्षिणेचं पाइन हा उद्योगाचा कच्चा माल आहे, हे त्यांनी बँकवाल्यांना, वर्तमानपत्रांना आणि उत्तरेतल्या कंपन्यांना पटवलं.

पटलेल्यांपैकी एक होती युनियन बॅग अँड पेपर कॉर्पोरेशन. कागदी पिशव्या बनवण्याच्या यंत्राच्या पेटंटांवर वाढलेली जुनी कंपनी, मुख्य कारभार न्यूयॉर्क राज्यात. उत्तरेत लाकूड महाग झालं होतं. दक्षिणेत लाकूड स्वस्त, मजुरी कमी, नदी आणि बंदर हाताशी, आणि जमिनीखाली नितळ पाण्याचा अफाट साठा. शहरही कामधंद्यासाठी इतकं आसुसलेलं होतं की त्याच्या औद्योगिक समितीने कंपनीला लिहून दिलं: वासाबद्दल किंवा सांडपाण्याबद्दल कुणी दावा लावला, तर त्याचा ५,००० डॉलरपर्यंतचा खर्च आम्ही सोसू. हा करार मला फार महत्त्वाचा वाटतो. वास येणार, नदी खराब होणार, हे १९३५ मध्येच सगळ्यांना ठाऊक होतं. पण उपाशी शहराने तो सौदा डोळे उघडे ठेवून केला, आणि त्यांना मी दोष देणार नाही. विदर्भातल्या आमच्या गावातही मिल आली तेव्हा लोकांनी पेढेच वाटले होते.

जागा निवडली ती शहराच्या वरच्या अंगाला, सव्हाना नदीच्या काठी. तिथे 'हर्मिटेज' नावाची जुनी जमीनदारी होती. हेन्री मॅकअल्पिन हा तिचा मालक, आणि या जागेवर मुख्य धंदा विटांचा. 'सव्हाना ग्रे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जुन्या शहरातल्या घरांना लागलेल्या राखाडी विटा इथल्या भट्ट्यांतून निघाल्या. त्या पाडल्या, भाजल्या आणि वाहिल्या गुलाम माणसांनी. मालकाचा वाडा १९३० च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डने विकत घेतला, उतरवला आणि त्याच्या विटा जवळच्या रिचमंड हिल इथल्या आपल्या घराला वापरल्या. गुलामांच्या विटांच्या खोपट्यांपैकी दोन त्याने मिशिगनमधल्या आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेली. ती आजही तिथे बघायला मिळतात. मोकळ्या झालेल्या जागेवर १९३६ मध्ये मिल सुरू झाली.

ती नेमकी त्याच सुमारास का आली, याचं एक कारण इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटतं, पण रिकव्हरीत काम केलेल्या माणसाला ते आधी दिसतं. त्यासाठी क्राफ्ट पद्धत सांगावी लागेल. 'क्राफ्ट' म्हणजे जर्मनमध्ये ताकद. कार्ल दाल या रसायनतज्ज्ञाने १८७९ मध्ये डान्झिग इथे ही पद्धत शोधली. लाकडाचे काड्यापेटीपेक्षा लहान तुकडे करायचे, ते कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, मोठ्या बंद डायजेस्टरमध्ये, १७० अंशांच्या आसपास काही तास शिजवायचे. लाकडाच्या धाग्यांना चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळतं, धागे सुटे होतात. लाकडाचा जेमतेम अर्धा भाग पल्प म्हणून हाती येतो. उरलेला अर्धा, रसायनांसह, काळ्या पाण्यात उतरतो. त्याला आम्ही ब्लॅक लिकर म्हणतो.

सगळं अर्थशास्त्र या काळ्या पाण्यात आहे. ते आटवून काकवीसारखं घट्ट करायचं आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारून जाळायचं. लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते, आणि तळाशी रसायनं वितळून जमतात. मी बॉयलरच्या झरोक्यातून पहिल्यांदा आत पाहिलं तो दिवस अजून आठवतो. तळाला निखाऱ्यांचा ढीग, आणि त्याच्या कडेने लालभडक रस स्पाउटमधून, म्हणजे तोटीतून, खाली टाकीत पडतोय. पाण्यात पडताना तो असा गडगडतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. स्पाउट चोंदला की लांब सळईने तो मोकळा करायचा. तिथे चूक चालत नाही, कारण तो रस आणि पाणी बॉयलरच्या आत एकत्र आले तर स्फोट होतो. त्या रसाचं हिरवट द्रावण होतं, त्यात चुना घालून पुन्हा लाकूड शिजवायचं पांढरं द्रावण करायचं, आणि चुन्याचा गाळ भट्टीत भाजून पुन्हा चुना करायचा. चक्र पूर्ण. चांगल्या मिलमध्ये शंभरातली पंचाण्णवहून जास्त रसायनं परत मिळतात.

हा रिकव्हरी बॉयलर आजच्या रूपात तयार झाला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅनडात, टॉमलिन्सन या अभियंत्याच्या हातून. त्याआधी रसायनं परत मिळवताना बरीच उष्णता वाया जायची. तो बॉयलर आल्यावर दक्षिणेतल्या क्राफ्ट मिल भराभर उभ्या राहिल्या. सव्हाना त्याच लाटेतली. राळेचंही तसंच. जुन्या आम्ल पद्धतीत पाइनची राळ कागदावर डाग पाडायची, म्हणून तिथे पाइन चालत नसे. क्राफ्टच्या अल्कलीत त्याच राळेचा साबण होतो, तो काळ्या पाण्यावर साईसारखा तरंगतो आणि खरडून काढता येतो. त्यापासून टॉल ऑइल काढतात. 'टॉल' हा पाइनसाठीचा स्वीडिश शब्द. शाई, गोंद, रंग, टायर यांत ते जातं. म्हणजे राळेच्या व्यापाराने ओळखलं जाणारं हे बंदर मिल आल्यावरही राळ विकतच राहिलं, फक्त ती आता झाडाच्या सालीऐवजी डायजेस्टरमधून येत होती.

मला इथे आमची बांबूची मिल आठवते. बांबूत सिलिका फार. ती काळ्या पाण्यात उतरून नळ्यांना दगडासारखी बसायची, दर काही दिवसांनी सगळं थांबवून ती फोडून काढावी लागे. चुन्याच्या गाळात सिलिका साठते म्हणून तो पुन्हा भाजताही येत नसे. मिलच्या मागे त्याच्या टेकड्या उभ्या होत्या. पाइनमध्ये ही अडचण जवळजवळ नसल्यासारखी. बारा वर्षं सिलिकाशी झुंजलेल्या माणसाला पाइनचा हेवा वाटणारच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिल वाढत गेली, एका जागी लाकडापासून खोक्यापर्यंत सगळं करणारी जगातली सर्वांत मोठी मिल म्हणून तिचं नाव झालं. किराणा दुकानातली तपकिरी कागदी पिशवी हे तिचं ओळखीचं रूप, आणि हळूहळू लायनर, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचा बाहेरचा सपाट थर, हे मुख्य उत्पादन. १९५६ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅम्प कंपनीशी विलीनीकरण झालं, १९६६ मध्ये नाव झालं युनियन कॅम्प. सव्हानातले वयस्क लोक मिलला अजून याच नावाने ओळखतात. १९९९ मध्ये इंटरनॅशनल पेपरने साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास किंमत देऊन युनियन कॅम्प घेतली.

पैसे देणारी मिल होती, हे निर्विवाद. शाळा संपवून थेट मिलमध्ये लागायचं, तीस-चाळीस वर्षं काढायची, घर बांधायचं, मुलांना शिकवायचं, अशा दोन-तीन पिढ्या तिथे घडल्या. वासाला लोक 'पैशाचा वास' म्हणायचे. हे वाक्य तुम्हाला दक्षिणेतल्या प्रत्येक मिलगावात ऐकू येईल.

पण तो पैसा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही, आणि हे वगळून या मिलचा इतिहास सांगणं अप्रामाणिक ठरेल. दक्षिणेतल्या कागद मिलमध्ये १९६० च्या दशकापर्यंत कामं रंगावर वाटलेली होती. लाकूड उतरवायचं, साल काढायची, गाळ उपसायचा, ही वुडयार्डची कामं कृष्णवर्णीयांची. कागदाच्या मशीनवरची कामं गोऱ्यांची. युनियनच्या शाखाही वेगळ्या. ज्येष्ठता मोजायची पद्धतच अशी होती की वीस वर्षं वुडयार्डात काढलेला माणूस मशीनवर गेला, तर तिथे तो नवशिका ठरायचा आणि पहिली कपात त्याचीच व्हायची. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हे बेकायदा ठरवलं, पण ते मोडायला न्यायालयांत वर्षं गेली. लुइझियानातल्या बोगलुसा इथल्या मिलच्या खटल्यात १९६९ मध्ये अपील न्यायालयाने अशी ज्येष्ठता चालणार नाही असं सांगितलं. रोअनोक रॅपिड्सच्या मिलचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ च्या त्या निकालाने कामाशी संबंध नसलेल्या लेखी चाचण्यांवर आणि बुडालेल्या पगाराच्या भरपाईवर नियम घालून दिले. अमेरिकेतला कुठलाही कामगार वकील आजही तो निकाल वाचतो. आणि वासाचं म्हणाल, तर सव्हानात मिलच्या कुंपणाला लागून असलेल्या हडसन हिल, वुडविल या वस्त्या कृष्णवर्णीयांच्याच. शहराला वास वारा फिरला की यायचा. त्यांना तो बाराही महिने होता.

तुम्ही वासाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. शिजवताना सोडियम सल्फाइडमधला गंधक लिग्निनशी जोडला जातो आणि त्यातून मर्कॅप्टन आणि तशीच संयुगं तयार होतात. माणसाचं नाक हे वायू हवेच्या अब्जावधी कणांतल्या मोजक्या कणांपर्यंत ओळखतं. त्यामुळे मिलने नव्याण्णव टक्के वायू पकडून जाळले तरी उरलेला एक टक्का शहरभर जाणवतो. वास येतो म्हणजे मिल काही पाळतच नाही, असा अर्थ काढणं बरोबर नाही. तसंच 'फक्त वास आहे' म्हणून झटकून टाकणंही बरोबर नाही.

माझ्या दृष्टीने वासापेक्षा गंभीर गोष्ट पाण्याची. सव्हानाच्या खाली फ्लोरिडन नावाचा चुनखडीतला प्रचंड जलसाठा आहे. १८८० च्या दशकात तिथे पहिल्या खोल विहिरी खणल्या तेव्हा पाणी दाबाने आपोआप जमिनीवर उसळायचं, पंप लागत नसे. नंतर शहर आणि कारखाने यांनी, आणि त्यात मिलने सर्वांत जास्त, एवढा उपसा केला की शहराखालची पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या शंभर फुटांहून खाली गेली. नरसाळ्यासारखा खड्डा पडला आणि समुद्राच्या बाजूचं खारं पाणी त्याकडे सरकू लागलं. शेजारच्या हिल्टन हेड बेटावरच्या विहिरी त्याने खाऱ्या झाल्या. हे नुकसान ज्याने पाणी उपसलं त्याच्या दारात नव्हे, तीस-चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या राज्यात दिसलं. भूजलाचं नेहमी असंच असतं. आपल्याकडे बोअरवेलच्या भांडणांत हे रोज दिसतं.

नदीची अवस्थाही वाईट होती. मिलचं सांडपाणी आणि शहराचं न शुद्ध केलेलं मैलापाणी दोन्ही त्यात. १९७१ मध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांच्या अभ्यासगटाने सव्हाना नदीवर सविस्तर अहवाल काढला, त्यात युनियन कॅम्पवर कडक ताशेरे होते. पुढच्याच वर्षी देशाचा स्वच्छ पाण्याचा कायदा आला आणि मिलना शुद्धीकरण बसवावंच लागलं. नदी सुधारली. पण ती सुधारली ती कायद्याने. १९३५ चा करार लिहिणाऱ्यांच्या भरवशावर राहिली असती तर सुधारली नसती.

आता 'का थांबली'. इंटरनॅशनल पेपरने २१ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर केलं की सव्हाना आणि जवळच्या राइसबोरो इथल्या दोन्ही मिल, शिवाय सव्हानातली खोक्यांची आणि राइसबोरोतली लाकडाची कामं, सप्टेंबरअखेर बंद होतील. सुमारे १,१०० माणसांच्या नोकऱ्या. खोक्यांच्या कागदाची वर्षाला सुमारे १४ लाख टनांची क्षमता एका झटक्यात कमी. त्याच दिवशी कंपनीने आणखी एक गोष्ट जाहीर केली, ती तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहे: अलाबामातल्या सेल्माजवळच्या आपल्या मिलमधलं छपाईच्या कागदाचं एक मशीन २५ कोटी डॉलर घालून खोक्यांच्या कागदासाठी बदलायचं. म्हणजे कंपनी हा धंदा सोडत नव्हती. ती जुन्या जागेवरून नव्या जागेवर जात होती.

मोठ्या साथीच्या काळात खोक्यांची मागणी फुगली आणि नंतर उतरली, हे एक कारण. पण माझ्या मते मूळ १९९१ मध्ये आहे, आणि ते खोक्याच्या बुडावर छापलेलं असतं. अमेरिकन खोक्याच्या तळाच्या पाकळीवर एक गोल शिक्का असतो. वापीच्या आमच्या गोदामात आयात रद्दीच्या गाठी फुटायच्या तेव्हा मी तो शिक्का आधी शोधायचो. जुन्या खोक्यावर लिहिलेलं असे: बर्स्टिंग टेस्ट, २०० पौंड. म्हणजे पुठ्ठा फुटायला दर चौरस इंचाला २०० पौंडांचा दाब लागतो. एवढी ताकद द्यायची तर दोन्ही बाजूंना ४२ पौंडी लायनर हवं, आपल्या भाषेत २०५ जीएसएम (दर चौरस मीटरला २०५ ग्रॅम), आणि त्यात पाइनचा ताजा लांब धागा भरपूर. या नियमाने सव्हानासारख्या मिलला अर्धं शतक पोसलं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक नियमांत दुसरा पर्याय आला: एज क्रश, म्हणजे पुठ्ठा उभा ठेवून कडेवर दाबल्यावर किती वजन पेलतो. खोकी एकावर एक रचली की खरा भार कडेवरच येतो, त्यामुळे हा बदल शास्त्राला धरूनच होता. पण कडेची ताकद हलक्या कागदातून, रद्दीच्या धाग्यातूनही मिळवता येते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गाठीतून निघणाऱ्या दहा खोक्यांतल्या आठ-नऊंवर 'एज क्रश ३२' हाच शिक्का दिसायचा.

रद्दीवर चालणाऱ्या मिलला वुडयार्ड लागत नाही, डायजेस्टर नाही, रिकव्हरी बॉयलर नाही. माणसं कमी, वास कमी, आणि कच्चा माल शहरातच जमतो. २०२३ या एका वर्षात अशा किती क्षमता आल्या पाहा: केंटकीत हेंडरसन इथे प्रॅटची नवी मिल, व्हर्जिनियात बेअर आयलंड इथे वृत्तपत्राच्या कागदाची मिल बदलून, टेनेसीत किंग्सपोर्ट इथे डोमटारची छपाईच्या कागदाची मिल बदलून. दुसऱ्या बाजूला नव्वदीला टेकलेली मिल, भोवती वाढलेलं शहर आणि बंदर. तिथे एखादा मोठा रिकव्हरी बॉयलर बदलायचा म्हटलं तरी आपल्या रुपयांत हजारो कोटींची गोष्ट. कंपनीच्या हिशेबाच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण धंद्यातला कुठलाही माणूस हे गणित बोटांवर करील. २०२४ अखेर त्याच कंपनीने साउथ कॅरोलिनातली जॉर्जटाउनची १९३७ सालची मिलही बंद केली होती.

कामगारांची हळहळ बातम्यांत आली. जी आली नाही किंवा कमी आली, ती लाकूडवाल्यांची. पाइनची लागवड केली की पंधरा वर्षांच्या सुमारास विरळणी करावी लागते. बारीक झाडं काढून टाकली तरच उरलेली जाड होतात. ती बारीक झाडं घेणारं गिऱ्हाईक म्हणजे पल्प मिल. करवतीच्या गिरण्यांचंही तसंच: गोल ओंडक्याच्या चौकोनी फळ्या काढल्या की जवळपास अर्धं लाकूड कडेला पडतं, त्याचे तुकडे पल्प मिल घेते. ते गिऱ्हाईक गेलं की गिरणीचा नफाच जातो. त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने जॉर्जियातलं जंगल झोपवलं होतं. ज्या शेतकऱ्याने नातवाच्या शिक्षणासाठी म्हणून वीस वर्षांपूर्वी रोपं लावली, त्याच्यासाठी ही मिल बंद होणं हे सव्हानातल्या कामगाराइतकंच घरावर येणारं संकट आहे. आमच्याकडे साखर कारखाना बंद पडला की उसाचं काय होतं, ते तुम्ही पाहिलं आहे. ऊस निदान पुढच्या वर्षी लावायचा थांबवता येतो.

आणि आपल्याकडचा धागा. चीनने २०२१ पासून रद्दीची आयात पूर्ण बंद केली, त्यानंतर अमेरिकन जुनी खोकी, आमच्या भाषेत अमेरिकन ओसीसी, वापी, मोरबी, मुझफ्फरनगरच्या मिलकडे जास्त वळली. देशी पुठ्ठा अनेकदा फिरून आलेला असतो, धागे झिजून तोकडे झालेले. त्यात अमेरिकन ओसीसी मिसळलं की कागदाचा बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद फुटायला किती दाब लागतो त्याचं माप, वर येतो. पाइनचा धागा तीन-साडेतीन मिलिमीटर लांब, निलगिरीचा एका मिलिमीटरच्या आत. फरक तिथेच आहे. पण धागा पाच-सात फेऱ्यांहून जास्त टिकत नाही. कुणीतरी, कुठेतरी ताजं लाकूड शिजवून नवा धागा घालत राहिलं, तरच रद्दीचं चक्र फिरतं. आमच्या प्रयोगशाळेत आयात गाठींचा नमुना दर खेपेला फोडून शीट बनवायचो, आणि वर्षागणिक त्याच दर्जाच्या गाठींना तोच बीएफ मिळवायला स्टार्च जास्त घालावा लागायचा. सव्हाना, राइसबोरो, जॉर्जटाउन बंद झाल्याचा परिणाम वापीच्या खोक्यात लगेच दिसणार नाही. दोन-चार वर्षांनी तो स्टार्चच्या बिलात दिसेल, असं माझं अनुभवावरचं मत आहे.

मुलाने तिकडून काही पाठवलं तर खोकं टाकून देण्याआधी एक करून पाहा. तळावरचा शिक्का वाचा, मग बाहेरचा थर ओला करून हळू फाडा. फाटलेल्या कडेला पांढरट-तपकिरी लांब तंतू केसांसारखे ओढले गेले, तर त्यात पाइनचा ताजा धागा आहे. कड चटकन, भाकरीच्या पापुद्र्यासारखी तुटली, तर तो कागद याआधी बऱ्याच वेळा कागद होऊन आलेला आहे.